मोठेपणी पुन्हा विद्यापीठात: असाइनमेंटबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नोकरी, घर, आजारपणं यांतून वाट काढत पुन्हा प्रवेश घेतलेल्यांचे प्रश्न गेली काही वर्षं माझ्याकडे येत आहेत. मी स्वतः ४३व्या वर्षी पदव्युत्तर अभ्यासक्रमाला प्रवेश घेतला. आधीच्या पदवीला तेव्हा २१ वर्षं झाली होती आणि पहिल्या असाइनमेंटमध्ये मी जेमतेम काठावर पास झाले. त्या वेळी जे सांगणारं कुणी नव्हतं, ते इथे लिहिलं आहे. प्रश्न विचारले गेले तसेच ठेवलेत. उत्तरं एकमेकांत अडकतात तिथे दुसऱ्या प्रश्नाचा क्रमांक दिलाय. नियमांच्या बाबतीत मात्र तुमच्या अभ्यासक्रमाची पुस्तिका सांगेल ते अंतिम.

१. वीस वर्षांनी अभ्यासाला बसलोय. मेंदू गंजल्यासारखा वाटतो. वयामुळेच जमत नाही का?

थोडा वेग कमी होतो, हे खरं आहे. पण के. वॉर्नर शाय या मानसशास्त्रज्ञांनी १९५६ मध्ये सिएटलमध्ये एक अभ्यास सुरू केला आणि त्यात दर सात वर्षांनी माणसांच्या बौद्धिक क्षमता पुन्हा पुन्हा तपासल्या. चटकन खुणा ओळखण्याचा वेग तरुणपणापासूनच उतरत जातो. शब्दांची जाण आणि तर्क लावण्याची ताकद मात्र बहुतेकांमध्ये साठीच्या आसपासपर्यंत टिकून राहते. असाइनमेंटला लागतात त्या या दुसऱ्या क्षमता.

मग घोडं कुठे अडतं? असाइनमेंट हा एक वेगळा लेखनप्रकार आहे आणि त्याचे नियम सहसा कुणी उघड सांगत नाही. वर्गातली विशीतली मुलं ते नियम नुकतेच गिरवून आलेली असतात. तुम्ही मधली वर्षं ईमेल, टिपणं, अहवाल लिहिलेत आणि त्यांचे नियम निराळे. हे नियम शिकता येतात, एका सत्रात येतात. या पानावरची बहुतेक उत्तरं त्यांच्याबद्दलच आहेत.

२. असाइनमेंटमध्ये नेमकं काय हवं असतं? आमच्या वेळी भरपूर लिहिलं की मार्क मिळायचे.

एक प्रश्न, त्यावर तुमचं एक उत्तर आणि त्या उत्तराला पुरावा. विषयाची सगळी माहिती कुणी मागितलेली नसते. लिहून झाल्यावर हे वाक्य पूर्ण करून पाहा: “माझं म्हणणं असं की अमुक, कारण तमुक.” ते पूर्ण होत नसेल तर पानं कितीही भरली असली तरी असाइनमेंट अजून झालेली नाही.

३. प्रश्नच समजत नाही. चार वेळा वाचला तरी काय मागितलंय ते कळत नाही. काय करू?

आधी क्रियापद शोधा. ‘वर्णन करा’ म्हटलं की काय आहे ते सांगायचं. ‘स्पष्ट करा’मध्ये ते तसं का आहे हेही आलं. ‘साधकबाधक चर्चा करा’ म्हटलं असेल तर दोन्ही बाजू मांडून शेवटी तुमचा कौल द्यावा लागतो, आणि बरेच जण हा कौलच विसरतात. ‘मूल्यमापन करा’साठी मोजपट्टी कोणती वापरताय ते सांगावं लागतं. ‘कितपत सहमत आहात’ या प्रश्नाला ‘हो’ आणि ‘नाही’ ही दोन्ही उत्तरं अपुरी पडतात, कारण ‘कितपत’ हाच खरा प्रश्न आहे.

मग मर्यादा घालणारे शब्द शोधा: कोणता काळ, कोणता गट, कोणती संकल्पना. शेवटी प्रश्न स्वतःच्या शब्दांत दोन वाक्यांत लिहा आणि शिक्षकांना पाठवा: “मला प्रश्नाचा अर्थ असा लागलाय, बरोबर आहे का?” ‘प्रश्न समजला नाही’ असं लिहिण्यापेक्षा या ईमेलला कितीतरी नेमकं उत्तर येतं.

४. वाचन संपतच नाही. एक लेख वाचला की त्यातून दहा नवे निघतात. लिहायला कधी बसायचं?

वाचन संपायच्या आधी. सगळ्यात जास्त माणसं इथेच अडकतात, म्हणून जरा विस्ताराने लिहिते.

पहिल्या असाइनमेंटसाठी मी ३१ लेख उतरवून घेतले आणि पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत वाचत बसले. लिहायला चार दिवस उरले. प्रामाणिकपणे काम करणाऱ्या माणसाला वाटतं की सगळं वाचल्याशिवाय बोलायचा आपल्याला हक्क नाही. विशीतल्या विद्यार्थ्याला सहसा हा संकोच नसतो. आपल्याला असतो आणि तो सोडावा लागतो.

संशोधनलेख कादंबरीसारखा वाचायचा नसतो. आधी गोषवारा वाचा, मग थेट निष्कर्ष. आपल्या प्रश्नाशी संबंध दिसला तर मधलं वाचा, नाहीतर बाजूला ठेवा. वाचलेल्या प्रत्येक लेखाखाली तीन ओळी लिहा: लेखकाचं म्हणणं काय, ते कशावरून, आणि माझ्या प्रश्नाला त्याचा उपयोग काय. तिसरी ओळ सुचत नसेल तर तो लेख तुमच्या कामाचा नाही, मग तो कितीही गाजलेला असो.

पाच-सहा लेख झाले की एक पान लिहून काढा. वाईट असू द्या, ते कुणाला दाखवायचं नाहीये. त्या पानावर जिथे ‘इथे पुरावा हवा’ असं वाटेल, तिथे पुढचं वाचन. आता शोध मोजका होतो, कारण काय शोधायचं ते ठाऊक असतं. तीन-चार लेखांत तीच ती नावं आणि तेच वाद दिसू लागले, की त्या मुद्द्यापुरतं वाचन झालं असं समजा.

आणि ग्रंथपालांना विचारा. विषयाचे शोधशब्द कसे जुळवायचे हे त्यांच्याकडून अर्ध्या तासात शिकता येतं. मी दोन सत्रं त्या दाराशी गेलेच नाही, याचं मला आजही वाईट वाटतं.

५. वाचलेलं दुसऱ्या दिवशी आठवतच नाही. हे वयाचं लक्षण आहे का?

विसरणं सगळ्याच वयात होतं. हर्मान एबिंगहाउस या जर्मन मानसशास्त्रज्ञांनी स्वतःवर प्रयोग करून विस्मरणाचा आलेख मांडला, तो १८८५ मध्ये, वयाच्या पस्तिशीत. उपाय पुन्हा वाचण्यात कमी आणि आठवून पाहण्यात जास्त आहे. रोडिगर आणि कार्पिक या मानसशास्त्रज्ञांच्या २००६ च्या प्रयोगात विद्यार्थ्यांच्या एका गटाने उतारा पुन्हा पुन्हा वाचला आणि दुसऱ्याने तो न बघता आठवून लिहिला. पाच मिनिटांनंतरच्या चाचणीत वाचणारे पुढे होते, आठवड्यानंतरच्या चाचणीत आठवणारे. म्हणून लेख मिटवून मगच प्रश्न ४ मधल्या तीन ओळी लिहा.

६. मी या क्षेत्रात १८ वर्षं काम केलंय. पुस्तकात आहे त्यापेक्षा मला जास्त माहीत आहे. तो अनुभव लिहिला तर मार्क का कापतात?

या प्रश्नातला सल मला कळतो. तुमचा अनुभव खोटा आहे असं कुणी म्हणत नाहीये. अडचण इतकीच की वाचणाऱ्याला तो तपासून पाहता येत नाही. तुम्ही ज्या एका ठिकाणी काम केलंत तिथे घडलं, ते इतरत्रही घडतं का, हे त्या अनुभवातून कळत नाही.

पण अनुभव फेकूनही देऊ नका. तो शोधाची दिशा ठरवतो. तुम्ही पाहिलंय की नवं सॉफ्टवेअर आलं की जुनी माणसं ते टाळतात. ‘माझ्या अनुभवानुसार ज्येष्ठ कर्मचारी बदलाला विरोध करतात’ असं लिहिलंत तर मार्क जातात. त्याऐवजी स्वतःला विचारा: हा विरोध वयामुळे असतो, की प्रशिक्षण न मिळाल्यामुळे? आता यावर संशोधन शोधा. हा प्रश्न वर्गातल्या दुसऱ्या कुणाला सुचला नसता. संशोधन तुमच्या अनुभवाशी जुळलं नाही तर आणखी चांगलं, तो फरक का पडत असावा यावर एक परिच्छेद लिहा.

अपवाद एक. चिंतनपर असाइनमेंट असेल तर तुमचा अनुभव हाच मुख्य मजकूर असतो आणि तिथे ‘मी’ लिहावंच लागतं. तरीही नुसती हकिगत पुरत नाही. काय घडलं ते थोडक्यात आणि त्यातून तुमची समज कशी बदलली ते सविस्तर, असं प्रमाण ठेवा.

७. प्रत्येक वेळी एकच शेरा: ‘वर्णन जास्त, चिकित्सा कमी.’ चिकित्सा म्हणजे टीका करायची का?

नाही. चिकित्सा म्हणजे एखादं म्हणणं किती वजन पेलू शकतं ते पाहणं. उदाहरणानेच सांगते.

समजा प्रश्न आहे: घरून काम केल्याने उत्पादकता वाढते का? अर्थतज्ज्ञ निकोलस ब्लूम आणि सहकाऱ्यांनी एका मोठ्या चिनी प्रवासी कंपनीत केलेला प्रयोग २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला. कॉल सेंटरमधल्या ज्या कर्मचाऱ्यांनी घरून काम करायची तयारी दाखवली, त्यांच्यातून चिठ्ठ्या टाकल्यासारखे दोन गट केले. नऊ महिन्यांत घरून काम करणाऱ्यांची कामगिरी १३ टक्क्यांनी वाढली. इतकं लिहून थांबलात तर ते वर्णन.

आता पुढे विचारा. हे लोक स्वेच्छेने पुढे आले होते, मग ज्यांना घरी बसवलं जातं त्यांनाही हे लागू होईल? फोनवरचं काम मोजता येतं, पण शिक्षकाच्या किंवा संपादकाच्या कामाचं काय? शिवाय त्या १३ पैकी सुमारे ९ टक्के वाढ प्रत्येक पाळीत जास्त मिनिटं काम झाल्यामुळे होती, कारण मधल्या सुट्ट्या आणि आजारपणाच्या रजा कमी झाल्या. मग याला उत्पादकता वाढली म्हणायचं, की काम वाढलं म्हणायचं? हे तीन प्रश्न मांडून तुम्ही तुमचा कौल दिलात की चिकित्सा झाली. प्रयोगाला कुठेही वाईट म्हणावं लागलं नाही.

घरच्या घरी एक तपासणी करता येते. प्रत्येक परिच्छेदाचं शेवटचं वाक्य पाहा. तिथे दुसऱ्या कुणाचं म्हणणं असेल तर परिच्छेद वर्णनावर संपलाय. तिथे तुमचं वाक्य यायला हवं.

८. संदर्भ देण्याची पद्धत डोक्यात शिरत नाही. स्वल्पविराम चुकला म्हणूनही मार्क जातात!

आधी कोणती शैली मागितलीय ते पाहा: एपीए, हार्वर्ड, एमएलए की आणखी काही. पूर्वी शिकलेल्या नियमांवर विसंबू नका. एपीएची सातवी आवृत्ती २०१९ मध्ये आली. तिच्यात पुस्तकाच्या प्रकाशनाचं ठिकाण देत नाहीत आणि तीन किंवा अधिक लेखक असले तर मजकुरात पहिल्याच उल्लेखापासून ‘पहिला लेखक आणि इतर’ असं लिहितात. आपल्यापैकी बरेच जण इथेच जुनी सवय चालवतात. हार्वर्डची तर एकच अशी अधिकृत पुस्तिका नाही, म्हणून तुमच्या विद्यापीठाचं पत्रकच वापरा.

संदर्भ साठवून ठेवणारं झोटेरो हे मोफत साधन पहिल्या दिवसापासून वापरा. ते यादी तयार करून देतं, पण लेखकांची नावं आणि वर्षं एकदा डोळ्यांखालून घाला, कारण उतरवलेली माहितीच चुकीची असू शकते. आणि पान क्रमांक वाचतानाच टिपून ठेवा.

९. मी सगळं स्वतःच्या शब्दांत लिहिलं, तरी साम्य अहवालात २८ टक्के आले. माझ्यावर चोरीचा आळ येईल का?

त्या आकड्यावरून काहीच ठरत नाही. टर्निटिनसारखी साधनं जुळणारे शब्द दाखवतात. त्यात संदर्भयादी, प्रश्नाचा मजकूर, अवतरणचिन्हांतले उतारे, रूढ संज्ञा हे सगळं येतं. अहवाल उघडून रंगवलेले भाग एकेक पाहा. ८ टक्क्यांतही एक अख्खा परिच्छेद उचललेला असू शकतो आणि २८ टक्के पूर्ण निर्दोष असू शकतात.

‘स्वतःच्या शब्दांत’ म्हणजे काय, तेही तपासा. मूळ वाक्य समोर ठेवून शब्द बदलत गेलात तर वाक्याचा सांगाडा लेखकाचाच राहतो. वाचा, मिटवा, मग लिहा. आणि पुष्कळांना माहीत नसलेली गोष्ट: एका भाषेत वाचून दुसऱ्या भाषेत भाषांतर केलं तरी विचार उसनाच असतो. यंत्राला तो कदाचित सापडणार नाही, पण संदर्भ द्यायलाच हवा.

१०. माझीच जुनी असाइनमेंट थोडी बदलून दुसऱ्या विषयाला दिली तर?

न विचारता देऊ नका. अनेक विद्यापीठं याला स्वतःच्याच लेखनाची नक्कल मानतात, कारण एकाच कामाचे दोनदा गुण मिळतात. आधीच्या कामावर पुढचं उभारायचं असेल तर शिक्षकांची लेखी परवानगी घ्या.

११. चॅटजीपीटी वापरलं तर चालतं का? तरुण मुलं सर्रास वापरतात.

नियम अभ्यासक्रमागणिक बदलतात, कधी कधी एकाच अभ्यासक्रमात असाइनमेंटगणिकही. लेखी नियम शोधा. सापडला नाही तर विचारा, आणि परवानगी असेल तर कशासाठी वापरलं ते नमूद करा.

माझं मत सांगते. अवघड संकल्पना समजून घ्यायला, किंवा ‘माझ्या मांडणीवर कोणते आक्षेप येतील’ असं विचारायला ते उपयोगी आहे. संदर्भ शोधायला धोक्याचं आहे, कारण अस्तित्वात नसलेले लेख ते अगदी खऱ्यासारखे रचून देतं. २०२३ मध्ये न्यूयॉर्कच्या न्यायालयात वकिलांनी त्याने रचलेले खोटे निवाडे सादर केले आणि त्यांना ५,००० डॉलर दंड झाला. स्वतः उघडून न पाहिलेला एकही संदर्भ यादीत घालू नका. आणि आराखडा, टिपणं, जुने मसुदे जपून ठेवा, म्हणजे उद्या शंका घेतली गेलीच तर काम तुमचं आहे हे दाखवता येईल.

१२. नोकरी आणि घर सांभाळून वेळ कसा काढायचा? प्रत्येक वेळी शेवटची रात्र जागून काढते.

वेळ कमी आहेच, पण आपला अंदाजही चुकतो. ब्यूलर, ग्रिफिन आणि रॉस या मानसशास्त्रज्ञांनी १९९४ मध्ये प्रबंध लिहिणाऱ्या ३७ विद्यार्थ्यांना किती दिवस लागतील ते विचारलं. सरासरी उत्तर आलं ३४ दिवस. सगळंच बिघडलं तर किती, यावर उत्तर ४९. प्रत्यक्षात लागले ५५ पेक्षा जास्त. म्हणजे वाईटात वाईट अंदाजही अपुरा पडला, आणि त्यांच्यातल्या किती जणांवर घराची जबाबदारी असेल!

म्हणून मागच्या असाइनमेंटला खरोखर किती तास लागले ते लिहून ठेवा आणि पुढच्या वेळी तोच आकडा धरा. सबमिशनच्या तीन दिवस आधीची तारीख स्वतःची डेडलाइन ठरवा. ते तीन दिवस चैनीसाठी नसतात, मूल तापाने फणफणतं किंवा साहेब अचानक काम लावतात, त्यासाठी असतात.

रोज दोन तास मिळतील अशी वाट पाहू नका. ४० मिनिटांत एक परिच्छेद होतो, फक्त उठताना पुढचं वाक्य कशाबद्दल असेल ते लिहून उठा. नाहीतर दुसऱ्या दिवशीची पहिली २० मिनिटं ‘मी कुठे होते’ यातच जातात. आणि घरच्यांना मोघम ‘मला अभ्यास आहे’ असं सांगू नका. वार आणि वेळ सांगा.

१३. डेडलाइन चुकणारच आहे असं दिसतंय. अर्धवट द्यावी की मुदतवाढ मागावी?

मुदतवाढ मागा, आणि तारीख उलटण्याआधी मागा. मी एकदा घरातल्या आजारपणात मुदत संपल्यानंतरच्या सकाळी ईमेल केला. कारण खरं होतं, कागदपत्रं होती, तरी नियमाप्रमाणे गुण कापले गेले. आदल्या दिवशी पाठवला असता तर वाढ मिळाली असती. ईमेल चार ओळींचा ठेवा: कोणती असाइनमेंट, काय घडलं, किती दिवस हवेत, पुरावा जोडलाय की नाही. दुःखाची सविस्तर हकिगत लिहायची गरज नसते.

वाढ मिळालीच नाही तर उशिराच्या दंडाचा तक्ता पाहा. काही ठिकाणी दिवसागणिक ठराविक गुण कापतात, काही ठिकाणी सरळ शून्य देतात. शून्य असेल तर अर्धवट का होईना, वेळेत द्या.

१४. शब्दमर्यादा नेहमी ओलांडली जाते. कुठून कापू?

प्रस्तावनेपासून. आपल्या लेखनात नमनालाच घडाभर तेल जातं. प्रश्न ज्या वाक्यात पहिल्यांदा येतो, त्याच्या आधीचं बहुतेक सगळं काढता येतं. तरीही जास्त असेल तर एक पूर्ण मुद्दा काढा. सगळीकडून थोडं थोडं छाटलं की प्रत्येकच मुद्दा लंगडा होतो.

१५. नापास झाले. फीडबॅक उघडायचीही हिंमत होत नाही. पुढे काय?

मोठेपणी नापास होणं जास्त लागतं, कारण बाकी आयुष्यात आपण जबाबदार, कामाची माणसं असतो. दोन दिवस फाइल उघडू नका, त्याने काही बिघडत नाही. मग पुन्हा सादर करण्याची मुदत पाहा आणि शेरे दोन रंगांत रंगवा: या असाइनमेंटपुरते, आणि पुढेही लागू पडणारे. पुढच्या वेळी लिहिण्याआधी फक्त दुसऱ्या रंगाचे वाचायचे. शेरा मोघम असेल तर भेट मागा आणि विचारा: “या परिच्छेदात नेमकं कोणतं वाक्य असतं तर गुण वाढले असते?”

१६. गटात सगळी मुलं माझ्या मुलीच्या वयाची. मी इथे चुकून आलेय, असं सारखं वाटतं.

या भावनेला पॉलिन क्लान्स आणि सुझान आइम्स या मानसशास्त्रज्ञांनी १९७८ मध्ये ‘इम्पोस्टर फिनॉमिनन’ हे नाव दिलं, तेही कर्तबगार स्त्रियांचा अभ्यास करताना. आपण तोतया आहोत आणि कधीतरी उघडे पडू, असं त्या स्त्रियांनाही वाटत होतं. त्या मुलांनाही ते वाटतं, फक्त ती तुम्हाला सांगत नाहीत.

गटात दोन गोष्टी टाळा: सगळ्यांची आई होणं आणि शेवटच्या रात्री सगळं काम अंगावर घेणं. पहिल्याच बैठकीत कोण काय कधी देणार ते लिहून सगळ्यांना पाठवा. कामांची वाटणी करणं तुम्हाला येतं, तिथे तुमची वर्षं खरोखर उपयोगी पडतात.

१७. वाचायला मला नेहमीच फार वेळ लागला. हल्ली कळलं की डिस्लेक्सिया असू शकतो. या वयात तपासून उपयोग आहे का?

आहे. तो मोठेपणी उगवत नाही, लहानपणापासून असतो. पूर्वी तो ओळखलाच जात नसे आणि मुलाला आळशी ठरवून मोकळे होत. निदान झालं तर अनेक विद्यापीठांत जादा वेळ, मजकूर वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर अशा सोयी मिळतात. पण त्या आधी अर्ज केल्यावर मिळतात, आधीच्या निकालांना मागाहून क्वचितच लागू होतात, म्हणून सत्राच्या सुरुवातीलाच विद्यार्थी सहायता विभागाला लिहा. डोळेही तपासून घ्या. चाळिशीनंतर जवळचं धूसर दिसल्यामुळे वाचन मंदावलेलं असतं आणि आपण दोष बुद्धीला देतो.

१८. आता सोडून द्यावं असं वाटतं. कसं ठरवू?

निकालाच्या आठवड्यात ठरवू नका. नंतर कार्यालयाला विचारा: सत्रभर खंड घेता येतो का, एका वेळी कमी विषय घेता येतात का, मिळवलेले श्रेयांक (क्रेडिट) किती वर्षं टिकतात, मध्येच थांबल्यास प्रमाणपत्र किंवा पदविका मिळते का, आणि शुल्क परत मिळण्याची शेवटची तारीख कोणती. ‘चालू ठेवायचं की सोडायचं’ असे दोनच रस्ते वाटत असतात, ही उत्तरं आली की मधले रस्ते दिसतात. माझ्या ओळखीत दोघांनी वर्षभर खंड घेऊन पदवी पूर्ण केली. एकीने थांबायचं ठरवलं आणि तिचा निर्णय मला आजही योग्य वाटतो, कारण तिला हवं होतं ते कौशल्य दुसऱ्याच सत्रात मिळालं होतं.

थांबायचं ठरलंच तर दोन कामं त्याच आठवड्यात करा. श्रेयांकांचं अधिकृत पत्रक मागून घ्या आणि स्वतःच्या सगळ्या फाइली विद्यापीठाच्या खात्यातून बाहेर काढून ठेवा. एकदा लॉगिन बंद झालं की दोन्हीसाठी खेटे घालावे लागतात.